जिप्सी-थारच्या बॉडीतली गळती: शोधायची कशी, बुजवायची कशी

मॅट उचलली आणि खाली पाणी दिसलं की पहिला हात सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातो. तो आवरा. जिप्सी, थार, गुरखा, जुनी एमएम ५४०, सगळ्यांची रचना साधारण सारखी: चेसीवर रबरी माउंटांवर बसवलेली पत्र्याची पेटी, वर बोल्टांनी आवळलेलं छप्पर किंवा ताणलेलं हूड, आणि बिजागऱ्यांवर लोंबणारी जड दारं. सांधे मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. नेमका कुठला गळतोय हे कळायच्या आत सीलंट फासलं, तर पाणी वाट बदलतं आणि पुढच्या खेपेला ते शोधणं दुप्पट अवघड होतं.

हे काम मे महिन्यात, मृग लागायच्या आधी उरकलेलं बरं. आंबोली-महाबळेश्वरच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे जुलैत गाडी कोरडी करायची म्हटलं तर आधी आकाशाची परवानगी लागते.

आधी पाणी कुठलं ते ठरवा

गाडीत येणारं पाणी चार प्रकारचं असतं: पावसाचं, चाकांनी खालून उडवलेलं, एसीचं आणि इंजिनच्या कूलंटचं. यातली शेवटची दोन बॉडीची गळती नव्हेतच, पण निम्मे लोक त्यांच्याच पायी काचेभोवती सीलंट फासत बसतात.

आकाश कोरडं, एसी तासभर चालला आणि डाव्या सीटच्या पायाखाली ओल आली, तर ते एसीचं पाणी. कोकणातल्या दमट हवेत एसी तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी सहज गाळतो. ते फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) बाहेर काढलेल्या बोटाएवढ्या रबरी नळीतून रस्त्यावर ठिबकायला हवं. ती नळी चिखलाने बुजते, किंवा गाडी महिनाभर उभी असेल तर कुंभारमाशी तिच्या तोंडात मातीचं घर बांधते. गाडीखाली शिरून नळीचं तोंड शोधा, बोटाने दाबून मोकळं करा, मऊ प्लास्टिकची तार हलकेच आत फिरवा. कॉम्प्रेसरची हवा खालून जोरात मारू नका. साचलेलं पाणी आणि गाळ उलटा ब्लोअरमध्ये जातो.

ओल बोटाला बुळबुळीत लागत असेल, रंगीत असेल, गोडसर वास येत असेल आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुरकटपणा चढत असेल, तर हीटरची जाळी गळतेय. गाडी रेडिएटरवाल्याकडे न्या. कूलंट विषारी असतं, चव घेऊन बघायचा शहाणपणा करू नका.

खालून येणाऱ्या पाण्याबद्दल एक गैरसमज आहे. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिमी, गुरखाची ७०० मिमी सांगितली जाते. त्याचा अर्थ एवढ्या पाण्यातून गाडी पार होते. केबिन कोरडी राहील असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. दाराची बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, ओघळणारं पाणी अडवायला असते. बाहेर मांडीभर पाणी उभं राहून दाब आला की ती थोडं सोडणारच. ओढा ओलांडताना दाराखालून आलेलं पाणी म्हणजे दोष समजू नका. पण नुसत्या ओल्या रस्त्यावर ताशी साठने जाताना पायाशी पाणी आलं, तर फ्लोअर किंवा फायरवॉलमध्ये भोक आहे.

कोरडं केल्याशिवाय शोध नाही

ओल्या गाडीत गळती सापडत नाही. पुढच्या सीट काढा, मॅट आणि कार्पेट बाहेर घ्या, खालचा नमदा किंवा फोम उचला. नमदा वरून कोरडा लागला तरी मुठीत दाबून बघा. दोन-तीन लिटर पाणी आरामात पिऊन बसलेला असतो. फ्लोअरमधली रबरी बुचं काढा, पाणी जाऊ द्या, मग कापडाने पुसून पंखा लावून ठेवा. पत्रा एका दिवसात सुकतो. फोम दोन-तीन दिवस उन्हात आणि शक्यतो उभा टांगून.

सीट काढताना खाली पिवळे कनेक्टर दिसले तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा, मगच ते सोडवा. पिवळा रंग एअरबॅग किंवा बेल्ट-टेन्शनरच्या वायरिंगचा असतो. सीट बाहेर असेपर्यंत इग्निशन लावू नका, नाहीतर डॅशवर दिवा पेटून राहतो. पुढे ब्लोअर चालवून करायची जी चाचणी आहे, ती सीट परत जोडल्यावर करा.

पत्रा उघडा पडला की टॉर्च घेऊन खुणा वाचा. पाणी ज्या वाटेने नेहमी येतं तिथे धुळीची बारीक नदी काढलेली असते: मातीची रेघ, गंजाचा ओघळ, स्क्रूभोवती तांबूस कडी. या खुणांचे फोटो काढून ठेवा, मगच पुसा. नंतर संशयित सांध्यांखाली टाल्कम पावडर भुरभुरा किंवा टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवा. पावडरीवर एक थेंब ओघळला तरी त्याची पूर्ण वाट उमटते.

पाणी कसं मारायचं

दोन माणसं हवीत. एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर बागेची नळी घेऊन. नळीला नोझल लावायचं नाही आणि प्रेशर वॉशर तर मुळीच नाही. प्रेशर वॉशर धड असलेल्या बीडिंगमधूनही पाणी आत घुसवतो आणि नसलेली गळती दाखवतो. पाऊस जसा ओघळतो तसं, नळीचं तोंड पत्र्याला टेकवून, मंद धारेने.

क्रम खालून वर. सुरुवात छपरापासून केली की पाणी सगळीकडून ओघळतं आणि आतला माणूस ओरडतो तेव्हा गळतंय काय ते कुणालाच सांगता येत नाही. चाकांच्या कमानी आणि दारांचा खालचा उंबरठा, मग दारांच्या उभ्या कडा, मग बॉनेटमागचा काऊल, मग काचेची खालची कड, उभ्या कडा, वरची कड, आणि शेवटी छप्पर. प्रत्येक जागी किमान पाच मिनिटं, काऊलला दहा. घाई इथेच नडते, कारण काही गळत्या आधी एखादी पोकळी भरतात आणि ती भरून वाहायला लागल्यावरच आत दिसतात. आत पाणी दिसलं की नळी बंद, ती जागा पुसून कोरडी, आणि फक्त तेवढाच भाग पुन्हा भिजवायचा. तीच गळती दोनदा दिसली तरच ती पक्की.

सपाट अंगणात एक थेंब येत नाही आणि घाटात मात्र धार लागते, अशा गाड्या पुष्कळ. त्यांच्यासाठी चाचणी दोनदा करा, एकदा नाक उताराला आणि एकदा चढाला; छपराच्या पन्हळीत साचलेलं पाणी उतार बदलला की दुसऱ्या टोकाला धावतं. तरी सापडलं नाही तर मागचं एक चाक भक्कम लाकडी ठोकळ्यावर १५ ते २० सेंमी चढवून बॉडीला पीळ द्या, बाकीच्या चाकांना उटी लावा आणि परत पाणी मारा. माउंटची रबरं बसलेली असतील तर बॉडी जास्त पिळते आणि दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात फट उघडते. अशा वेळी बीडिंग बदलून काही होत नाही, आधी माउंट बदलावे लागतात.

हार्डटॉप गाडीसाठी उलटी चाचणीही चांगली. काचा बंद, ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर आणि पूर्ण वेगात. आत हवेचा दाब वाढतो. एक लिटर पाण्यात भांडी घासायचं लिक्विड दोन चमचे घालून स्प्रेने बाहेरून सांध्यांवर मारा. जिथे फट तिथे बुडबुडे. केबिनची हवा बाहेर सोडणाऱ्या झडपांवर आधी टेप लावा, नाहीतर सगळे बुडबुडे तिथेच.

काऊल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

बॉनेट आणि काच यांच्यामधली जाळी म्हणजे काऊल. काचेवर पडलेला सगळा पाऊस इथे उतरतो, आणि ब्लोअरची बाहेरची हवाही इथूनच जाते. आत एक कुंड असतं, त्याच्या टोकांना पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटा. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांनी हा भाग आधी उघडावा. बारीक पानं तळाशी बसून त्यांचा काळा चिखल होतो, वाट बुजते, कुंडातली पातळी ब्लोअरच्या तोंडापर्यंत चढते आणि पाणी थेट आत. लक्षण ठरलेलं असतं: रात्रभर गाडी पावसात उभी, सकाळी पहिल्याच वळणावर डॅशबोर्डखालून एकदम लोटाभर पाणी.

वायपरचे दांडे काढून जाळी उघडा. जाळीच्या क्लिपा जुन्या झाल्या की हमखास तुटतात, म्हणून चार-सहा क्लिपा आधीच आणून ठेवा. गाळ हाताने आणि व्हॅक्युमने काढा. तो पाण्याने ढकलू नका, खाली जाऊन पक्का बसतो. मग दोन लिटरची बाटली सावकाश ओता आणि दुसऱ्याला पुढच्या चाकामागे बघायला सांगा. दोन्हीकडून जवळपास सारखं पाणी पडायला हवं. उजवीकडून धो-धो आणि डावीकडून थेंबथेंब म्हणजे डावी वाट अजून बंद आहे. प्लास्टिकच्या वायर-टायने खालून मोकळी करा.

कुंड रिकामं असतानाच त्याचे सांधे बघा. पत्र्याच्या जोडावर कारखान्यात घातलेलं सीलर वीस-पंचवीस वर्षांच्या जिप्सीत वाळक्या चिखलासारखं तडकतं. तडकलेलं निघेल तेवढं खरवडून काढा. वरून नवा थर दिला तर तो जुन्यासकट सुटून येतो. वायपरच्या स्पिंडलखालची रबरी वायसरही इथेच बदलून टाका. पैसे किरकोळ, आणि ती बदलायला पुन्हा सगळं उघडायचा त्रास वाचतो.

काच

जिप्सी आणि जुन्या जीपांत काच रबरी गॅस्केटमध्ये बसते. अशा काचेला दोन ठिकाणी गळती असू शकते: काच आणि रबर यांच्यात, किंवा रबर आणि पत्रा यांच्यात. खालच्या कोपऱ्यांत रबराची कड प्लास्टिकच्या पट्टीने उचलून बघा. आत तांबूस पूड दिसली तर गंजाने फ्रेमची कड खाल्ली आहे. मग सीलंटने भागत नाही. काच काढून, गंज साफ करून, इपॉक्सी प्रायमर मारून नवी गॅस्केट बसवावी लागते. पत्रा धड असेल तर दोन्ही कडांखाली न वाळणारं काचेचं मस्तिक नोझलने भरा, रबर दाबा आणि बाहेर आलेलं लाकडी पट्टीने काढून घ्या.

नव्या गाड्यांत काच पीयूने (पॉलियुरेथेन सीलंटने) चिकटवलेली असते. काच एकदा बदलली असेल आणि त्यानंतरच गळती सुरू झाली असेल, तर बसवताना प्रायमर चुकला किंवा सीलंटचा घेर कुठेतरी तुटला. बाहेरून रेघ ओढून हे बरं होत नाही. काच काढून परत बसवायची. चिकटवलेली काच हा गाडीच्या मजबुतीचा भाग असतो, हे काम काचवाल्याकडूनच करून घ्या.

दारं

दाराच्या आत पाणी जातंच, ते जायलाच हवं. काचेच्या कडेने शिरलेलं पाणी दाराच्या पोटातून उतरतं आणि तळाच्या दोन-तीन भोकांतून बाहेर पडतं. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून दाराच्या पॅडमागे एक प्लास्टिकची शीट असते. नवे स्पीकर बसवताना किंवा पॉवर विंडो दुरुस्त करताना ती फाटते, आणि फिटर ती खोक्याच्या टेपने चिकटवतो. पहिल्या पावसात टेप सुटते.

पॅड काढा, शीट फाटली असेल तर जाड प्लास्टिकची नवी कापा आणि ६ मिमीच्या ब्युटाइल दोरीने (चिकट, न वाळणाऱ्या रबराची दोरी) कडेकडेने चिकटवा. शीटची खालची कड दाराच्या पोटात, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या बाजूला वळलेली हवी. ती केबिनकडे राहिली तर शीटवरून घरंगळलेलं पाणी सरळ पायावर. तळाची भोकं जुन्या स्क्रूड्रायव्हरने मोकळी करा. ‘पाणी बाहेरून येतंय’ म्हणून ही भोकं सीलंटने बुजवलेली दारं दोन-तीन पावसाळ्यांत तळातून कुजतात.

बीडिंग तपासायला दहाची नोट पुरते. नोट बीडिंगवर ठेवून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडत यायला हवी. सुळकन निघाली तिथे दाब नाही. किंवा बीडिंगवर खडू घासून दार लावा आणि चौकटीवर उमटलेली रेघ बघा, कुठे तुटते ते लगेच कळतं. नवी बीडिंग आणण्याआधी दार मागच्या टोकाला धरून वर उचला. खडखडलं तर बिजागरीची पिन गेली आहे, दार लोंबतंय. पिन बदला, मग स्ट्रायकर (चौकटीवरचा, दाराचं लॉक अडकतं तो आकडा) एकेक मिलिमीटर आत सरकवून परत नोट ओढून पाहा.

नवी बीडिंग ताणून बसवू नका. ताणलेलं रबर महिन्याभरात आखडतं आणि जोडाशी फट पडते. मापापेक्षा १० ते १५ मिमी जास्त कापा, दाबत दाबत बसवा, जोड दाराच्या तळाशी ठेवा. रबरावर सिलिकॉन ग्रीस बोटाने पुसा. चेसीचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर रबर फुगून लिबलिबीत होतं.

छप्पर

फायबरचं हार्डटॉप आणि बॉडीचा पत्रा यांच्यामधली पट्टी ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. बाजारात मिळणारा सोफ्याचा फोम इथे चालत नाही, तो पाणी पितो. बंद पेशींचा ईपीडीएम रबराचा फोम हवा. तुकडा पाण्यात बुडवून पिळा. पाणी निघालं तर तो परत द्या.

जाडी अंदाजाने ठरवू नका. मुलांच्या खेळण्यातल्या क्लेच्या गोळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून कडेवर हातभर अंतरावर ठेवा, छप्पर बसवून बोल्ट आवळा, परत काढा आणि चपटलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. फोम साधारण ३० ते ४० टक्के दबायला हवा, म्हणजे ६ मिमी फटीला १० मिमीची पट्टी. कोपऱ्यात तुकडे न जोडता पट्टी अखंड वळवा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. एकच बोल्ट दाबून आवळला की फायबर तडकतं.

रूफ रॅक, अँटेना, लाइट बार यांसाठी छपरात पाडलेली भोकं आतून सीलंट लावून कधीच बंद होत नाहीत. पाणी पत्र्यात किंवा फायबरमध्ये मुरत राहतं. बोल्ट काढा, भोकाची कड घासून प्रायमर मारा, बोल्टाभोवती ब्युटाइलचा छोटा शंकू करा, वर रबरी वायसर, मग आवळा. बाहेर पिळून आलेलं ब्युटाइल दुसऱ्या दिवशी कापून टाका.

हुडाच्या गाड्यांत शिवण पाझरते. कॅनव्हास पूर्ण सुकवून शिवणीवर तंबूचं सीम सीलर ब्रशने दोनदा लावा, बस. चेन गळत असेल तर तिच्यावरचा फडका सरळ बसतोय का बघा, बाकी काही करण्यासारखं नाही. हुडाच्या गाडीत थोडं पाणी येणार, हे गाडी घेतानाच मान्य केलेलं बरं.

फायरवॉल आणि आफ्टरमार्केट वायरी

फॉग लॅम्प, विंच, वायरलेस सेट: प्रत्येकाची वायर फायरवॉलमधून आत येते आणि बहुतेक वेळा ग्रोमेटशिवाय, म्हणजे भोकात बसणाऱ्या रबरी कडीशिवाय. रात्री आत तेजस्वी टॉर्च ठेवून बॉनेट उघडा. उजेडाचे ठिपके म्हणजे भोकं. बोल्ट गेलेल्या रिकाम्या भोकांना रबरी बूच, वायरींना मापाचं ग्रोमेट.

इथे एक फसवणूक असते. ग्रोमेट घट्ट, भोवती सीलंट, तरीही आत थेंब. कारण वायरीवरची नालीदार काळी नळी पन्हळीसारखी पाणी आत आणते. नळीचं बाहेरचं तोंड ब्युटाइलने बंद करा आणि वायरला ग्रोमेटच्या बाहेरच्या बाजूला खाली लोंबणारा झोल द्या, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी गळून पडेल. डॅशखालच्या कनेक्टरवर तांब्याच्या गंजाची हिरवी पूड दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. ओलीने होणाऱ्या इलेक्ट्रिकच्या कटकटी पावसाळ्यानंतर दिवाळीच्या सुमारास डोकं वर काढतात, तेव्हा कुणाला पावसाची आठवण राहत नाही.

मागच्या दाराचे दिवे, स्टेपनीचा ब्रॅकेट आणि टेललॅम्प यांच्या गॅस्केट दहा मिनिटांत बदलतात. दिवा आतून धुरकट दिसला की समजा.

फ्लोअर, गंज आणि काय लावायचं

गंज वरवरचा असेल तर वायर ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, कोपऱ्यांत रस्ट कन्व्हर्टर, ते सुकल्यावर इपॉक्सी प्रायमर, मग सांध्यावर पीयू सीलर, मग रंग. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आरपार गेला तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, नमदा आणि वायरी बाजूला घ्या, अग्निशामक हाताशी ठेवा. बॉक्स सेक्शनमध्ये पूर्वी मेण किंवा तेल मारलेलं असेल तर ते पेट घेतं. वेल्ड थंड झाल्यावर सांधा दोन्ही बाजूंनी सील करा आणि पोकळीत नव्याने कॅव्हिटी वॅक्स मारा. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घातलेली असेल तर आधी गोड्या पाण्याने पोकळ्या धुऊन पूर्ण सुकवा. मीठ आत राहिलं तर रंगाखाली गंज चालूच राहतो.

पत्र्याच्या जोडांना पीयू सीलंट, ३१० मिलीची एक नळी बहुतेक गाडीला पुरते. उघडता येतील अशा जोडांना ब्युटाइल. आंबूस, व्हिनेगरसारख्या वासाचं स्वस्त सिलिकॉन पत्र्यावर नको: सुकताना सोडलेलं आम्ल पत्रा गंजवतं आणि त्याच्या अंशावर नंतर ना रंग धरतो ना दुसरं सीलंट. एम-सील पाइपला ठीक, पण ती कडक होते आणि पिळणाऱ्या बॉडीत तडकते.

पीयू लावण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दोन्ही कडांना मास्किंग टेप, ओल्या बोटाने सपाट करा आणि साय धरायच्या आत टेप ओढा. पीयू हवेतल्या बाष्पावर सुकतं, साधारण दिवसाला ३ मिमी. दमट हवेत लवकर सुकतं, पण पत्रा मात्र कोरडा ठणठणीत हवा. मेच्या दुपारी तापलेल्या पत्र्यावरही लावू नका, फोड येतात. सकाळी सावलीत लावा.

सीलंटला ४८ तास द्या, मग कार्पेट न टाकता पुन्हा तोच क्रम, खालून वर, तेवढीच मिनिटं. कोरडी राहिली तर नमदा टाका, पण पहिल्या दोन पावसांपर्यंत त्याखाली चार जागी टिश्यू पेपर ठेवा. फ्लोअरची बुचं सीलंटने पक्की करू नका, कडेला सिलिकॉन ग्रीस लावून बसवा. पुढच्या ओढ्यानंतर तीच उघडून पाणी सोडायचं आहे. छपराचे बोल्ट महिन्याभराने एकदा तपासा, फोम दबल्यावर ते अर्धा-एक आटा सैल पडतात.